वासे कापू नका ताई, जोड द्या: कौलारू घराच्या वळचणीबद्दल

कोकणातल्या आपल्या घराबद्दल एका ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे:

"आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, जांभ्याचं, मंगलोरी कौलांचं, आजोबांनी बांधलेलं. आई तिथे एकटी राहते, मी डोंबिवलीला, भाऊ वसईला. शिमग्याला गेलो तेव्हा बघितलं तर मागची, पश्चिमेकडची वळचण पार गेलीये. वाशांची टोकं काळी पडून भुसभुशीत झालीत, तीनचार ठिकाणी कौलं खाली सरकलीत, पन्हळीत पाला कुजून त्यात रोपं उगवलीत, आतून भिंतीला ओल आहे. वळचणीखाली पाकोळ्यांची घरटी पण आहेत. मागची बाजू साधारण ३५ फूट लांब आहे आणि वळचण भिंतीच्या बाहेर अडीच फूट येते. गावातला मिस्त्री म्हणतो वासे दीड फूट कापून टाकू आणि नवी फळी मारू, स्वस्तात होईल. भाऊ म्हणतो कौलंच काढा, पत्रा घाला, दरवर्षीची कटकट संपेल. आई कौलं काढायला तयार नाही. निदान साफसफाई तरी आम्ही दोघं भावंडं शिडी लावून करू का? पावसाच्या आत उरकायचंय. आणि काम चालू असताना आईला डोंबिवलीला नेऊ का?"

ताई, सगळ्यात आधी मिस्त्रीला फोन करा आणि सांगा की वासे कापायचे नाहीत, बाकी काय करायचं ते नंतर ठरवू. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्याला ते काम सोपं पडतं आणि तुमचे पैसेही वाचतील असं त्याला मनापासून वाटत असणार, पण त्यात वाचतो तो फक्त या वर्षीचा खर्च, भिंत नाही वाचत.

का ते सांगतो. तुमच्या मागच्या पाख्याची (छपराच्या उतरत्या बाजूची) लांबी ३५ फूट, आढ्यापासून (छपराच्या सगळ्यात वरच्या कडेपासून) वळचणीपर्यंतचं आडवं अंतर अशा घरात साधारण १५-१६ फूट असतं, म्हणजे अंदाजे ५० चौरस मीटरचं पाखं झालं. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, आणि तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे त्या एका बाजूच्या वळचणीवरून एका पावसाळ्यात दीड लाख लिटर पाणी खाली पडतं. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर! एवढं सगळं पाणी आज भिंतीपासून अडीच फूट लांब, जोत्याच्या बाहेर पडतंय. वासे दीड फूट कापले की तेच पाणी भिंतीपासून एका फुटावर पडणार, आणि जुन्या घरांचं जोतं भिंतीच्या बाहेर साधारण तेवढंच आलेलं असतं, म्हणजे पागोळ्या जोत्याच्या दगडावरच आपटणार आणि शिंतोडे भिंतीवर. वरून पश्चिमेची बाजू. झड तिरकी येते, पाऊस पंचेचाळीस अंशात येत असेल तर वळचण जेवढी बाहेर साधारण तेवढीच उंची ती झाकते, अडीच फूट असेल तर अडीच फूट आणि एक फूट असेल तर एकच फूट. म्हणजे आज भिंतीचा वरचा जो भाग कोरडा राहतो तोही भिजायला लागेल. तुमच्या घराचे चिरे (जांभ्याचे दगड) मातीत बसवलेले असतील (त्या काळातली बहुतेक घरं तशीच आहेत), तर सांध्यातली माती दरवर्षी थोडी थोडी धुऊन जाईल आणि मग वळचणीचा नाही, भिंतीचा खर्च निघेल. ज्यांनी घर बांधलं त्यांनी लाकूड महाग असतानासुद्धा वासे अडीच फूट बाहेर काढले ते उगाच नाही काढले, त्यांनी तिथले पावसाळे बघितले होते.

आता शिडीचं. नाही. तुम्ही दोघांनी कौलांवर चढायचं नाही आणि शिडीवर उभं राहून कौलं हलवायचीही नाहीत. वासा कुजलाय हे तुम्हीच लिहिलंय, मग शिडी कशाला टेकवणार? पन्हळीला टेकवली तर पन्हळ येईल खाली, कौलाला टेकवली तर कौल फुटेल आणि शिडी सटकेल. दुसरं म्हणजे गावाकडे लाईटची सर्व्हिस वायर बऱ्याचदा वळचणीलाच पाईप लावून आत घेतलेली असते, तिचं कव्हर उन्हानं तडकलेलं असतं, आणि ओला बांबू किंवा ॲल्युमिनियमची शिडी तिला लागली तर काय होईल ते सांगायला नको. घरातला मेन स्विच बंद केला तरी ही वायर चालूच असते, कारण ती मीटरच्या आधीची. तेव्हा काम सुरू व्हायच्या दिवशी महावितरणच्या गावातल्या वायरमनला सांगून खांबावरून लाईन बंद करून घ्या आणि ती वायर नीट बघून घ्या, बदलायची असेल तर त्याच वेळी बदलून टाका.

भावंडांनी करायचं काम भरपूर आहे, ते जमिनीवरून करा. लांब बांबूला खराटा बांधून वळचणीखालची जळमटं, कोळीष्टकं, मातीचे पापुद्रे काढा. पन्हळीतला पाला बांबूच्या टोकाला वाकडी पत्र्याची पट्टी बांधून ओढता येतो, तोंडाला फडका बांधा, डोळ्यावर चष्मा लावा, कारण त्या कुजलेल्या पाल्यात विंचू, गोम, काहीही निघतं आणि ते सगळं तोंडावरच येतं. रोपं उगवलीत म्हणता त्यात पिंपळ किंवा वड असेल तर नुसता ओढून तोडू नका, मूळ फळीच्या आणि भिंतीच्या फटीत गेलेलं असतं, फळी काढल्यावर मुळासकट काढायचं. शेवाळ या दिवसात वाळलेलं असतं, ते माणूस वर जाईल तेव्हा सुक्या काथ्याच्या ब्रशनं घासून घ्या. प्रेशरचं मशीन लावू नका. हल्ली शहरात सगळीकडे मिळतं, भाड्यानंही मिळतं, गाडी धुवायला चांगलं, पण कौलावर त्यानं दोन गोष्टी होतात, एक म्हणजे कौलाच्या वरचा भाजलेला टणक पापुद्रा निघतो आणि कौल पाणी प्यायला लागतं, दुसरं म्हणजे पाणी कौलांच्या सांध्यातून उलटं आत घुसतं आणि रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या) भिजतात. ॲसिड तर मुळीच नको. ब्लिचिंग पावडरचं पाणी पण नको, ते सगळं धुऊन विहिरीकडे नाहीतर पोफळीच्या मुळाशी जाणार.

एक गोष्ट विसरू नका, मागच्या बाजूला पडवीवर किंवा न्हाणीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना तारेचा ब्रश लावायचा नाही, सुके कापायचे नाहीत, भोकं पाडायची नाहीत. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. काही करायचंच असेल तर पाणी मारून ओले करा आणि अख्खे उतरवा.

आता खरं काम, वाशांचं. काळं पडलेलं प्रत्येक टोक कुजलेलं असतंच असं नाही, जुनं लाकूड उन्हापावसानं वरून करडं काळं होतं आणि आत ठणठणीत असतं. प्रत्येक वाशाच्या टोकाला जुना स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघायला सांगा, अर्धा इंचापेक्षा जास्त सहज आत गेला आणि लाकूड चुरा होऊन पडलं तर गेलं, नाही गेला आणि ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर त्याला हात लावू नका. भिंतीवरून वर मातीच्या बारीक नळ्या गेल्या असतील तर वाळवी आहे, लाकडाखाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर भुंगेरे, आणि बोट जाईल एवढं गोल गुळगुळीत भोक असेल तर तो काळा भुंगा. तिघांचा उपाय वेगळा. वाळवीला नुसतं लाकडावर औषध मारून भागत नाही, ती जमिनीतून येते, जोत्याकडेनं मातीत औषध घालावं लागतं आणि तुमची विहीर किती जवळ आहे ते बघून माहितगार माणसाकडूनच घालून घ्यावं लागतं. भुंगेऱ्यासाठी बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचं पाणी लाकडात मुरवतात. भुंग्याची भोकं रिकामी आहेत याची खात्री करून लांबीनं (पुट्टीनं) बुजवायची आणि वरून रंग द्यायचा, रंगवलेल्या लाकडाला तो सहसा जात नाही.

आणि आणखी एक. टोकं कुजली म्हणून दोष टोकातच असेल असं धरून चालू नका. आपल्यात म्हणतातच ना, आढ्याचं पाणी वळचणीला. वर आढ्यावरचा एखादा कोना (तिथलं खास कौल) निसटलेला असतो किंवा मधलं एखादं कौल तडकलेलं असतं, तिथून आलेलं पाणी वाशाच्या पाठीवरून गुपचूप उतरत उतरत खाली येतं आणि भिंतीवरच्या आडव्या लाकडाशी नाहीतर टोकाशी येऊन थांबतं, मग आपण टोक बदलतो आणि दोन पावसाळ्यांनी नवं टोकही काळं पडतं. भर दुपारी माळ्यावर जा, दिवा लावू नका, दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, जिथून उन्हाचा ठिपका दिसेल तिथे खडूनं खूण करा. वाशांच्या बगलेवर काळे ओघळ दिसतात का तेही बघा, ओघळ जिथे सुरू होतो तिथे दोष असतो. हे काम तुम्ही करू शकता आणि तुम्हीच करा, मजुरीवर आलेला माणूस एवढा वेळ नाही देत.

तुमच्याकडे पन्हळ पाल्यानं भरलीय म्हणजे एक कारण तर समोरच आहे. पन्हळ तुंबली की पाणी मागे फुगतं आणि फळीमागून वाशांच्या तोंडात जातं. लाकूड बाजूनं फार पाणी पीत नाही पण कापलेल्या तोंडातून भरपूर पितं, झाड जिवंत असताना पाणी त्याच नळ्यांतून वर जातं ना. म्हणून वाशाचं तोंड कायम कोरडं राहिलं पाहिजे. दुसरं कारण बऱ्याच घरात सापडतं ते म्हणजे उंदीर आणि पाखरं आत येऊ नयेत म्हणून पहिल्या कौलाखालची फट कोणीतरी सिमेंटनं बुजवलेली असते. तुमच्याकडे असेल तर ते सगळं फोडून काढा. त्या फटीतून वारा आत जातो आणि लाकूड वाळतं, सिमेंट घातलं की ओल आतच अडकते. तिथे अर्धा इंच भोकाची जी.आय. (जस्त चढवलेली लोखंडी) जाळी ठोका, मोठा उंदीर किंवा मोठा साप येत नाही आणि वारा खेळतो.

कुजलेल्या वाशाला जोड द्यायची ती अशी. त्या बाजूची खालची चारपाच ओळी कौलं उतरवायची, अख्खं पाखं उघडायची गरज नाही. कुजका भाग कापायचा आणि चांगलं लाकूड लागल्यावर आणखी सहाआठ इंच आत कापायचा, कारण कूज दिसते त्याच्या थोडी पुढे गेलेली असते. मग त्याच जाडीचा नवा तुकडा जुन्या वाशाच्या बगलेला लावायचा आणि हे महत्त्वाचं आहे, बाहेर जेवढा लोंबणार त्याच्या दुप्पट तो भिंतीच्या आत गेला पाहिजे. बाहेर अडीच फूट तर आत पाच फूट, एकूण साडेसात फुटाचा तुकडा. नुसता बाहेरच्या बाजूला दोन फुटाचा ठिगळ ठोकून ठेवतात बरेच जण, ते कौलाच्या वजनानं वाकतं. एक मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास असतं आणि १०० चौरस फुटाला साधारण १५० लागतात, पावसात भिजल्यावर वजन आणखी वाढतं, हे सगळं त्या जोडावर येणार. म्हणून खिळे नकोत, आरपार बोल्ट, दहा किंवा बारा मिलीमीटरचे, गॅल्व्हनाइज्ड, दोन्हीकडे रुंद वायसर, एका जोडाला किमान तीन. सुतार म्हणेल पाच इंची खिळे मारतो चालतंय, नाही चालत.

लाकूड कुठलं? सागवान मिळालं आणि परवडलं तर उत्तम. ऐन, किंजळ पण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरतात. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं पण वळचणीला लावू नका, वाळवीला आणि ओलीला ते टिकत नाही. माझं मत विचाराल तर जवळपास कुठे जुनं घर पाडत असतील तर तिथले वासे बघा, पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड नव्या ओल्या लाकडापेक्षा केव्हाही चांगलं, फक्त खिळे आणि वाळवी तपासून घ्या. लाकूड घनफुटावर मिळतं, बिल तपासता यावं म्हणून हिशेब देतो: वासा तीन इंच बाय चार इंच धरला, म्हणजे १२ चौरस इंच, भागिले १४४, गुणिले लांबी फुटात. साडेसात फुटाचा तुकडा म्हणजे ०.६२५ घनफूट. असे दहा तुकडे लागले तर सव्वासहा घनफूट झालं, थोडी घट धरून सात. यापेक्षा खूप जास्त लावलं असेल तर विचारा.

बसवायच्या आधी प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही तोंडांना प्रायमर आणि ऑईल पेंटचे दोन हात, बसवल्यावर नाही, आधी. काही ठिकाणी काजूच्या टरफलाचं तेल लावतात, ते लाकडाला खरंच चांगलं आहे पण कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, हातमोजे घालूनच. गाडीचं जळकं काळं ऑईल मात्र लावू देऊ नका, फुकट मिळतं म्हणून सर्रास लावतात, पण वळचणीवरून पडणाऱ्या पाण्याबरोबर ते अंगणात आणि विहिरीत उतरतं आणि तुमच्या आई त्याच विहिरीचं पाणी पितात.

वाशांच्या टोकाला जी पुढची फळी येते तिच्याबाबत एक बारीक गोष्ट आहे जी नवीन सुतारांना माहीतच नसते. वरचं प्रत्येक कौल खालच्या कौलावर टेकलेलं असतं, पण सगळ्यात खालच्या ओळीला खाली कौल नाही, म्हणून तिथली फळी किंवा पहिली रीप बाकीच्या रिपांपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच ठेवावी लागते. ती सारख्याच उंचीची ठेवली तर पहिली ओळ पुढे झुकते, वरच्या ओळीशी तिचा सांधा उघडा पडतो आणि पाणी सरळ आत. तुमची कौलं सरकलीत त्याचं कारण हेही असू शकतं, मागे कोणी फळी बदलली होती का ते आईंना विचारा. आणि कौल फळीच्या पुढे दोन ते तीन इंच आलं पाहिजे. कमी आलं तर पाणी कौलाच्या पोटावरून मागे फिरून फळीवर येतं, जास्त आलं तर वाऱ्यानं नाहीतर वानरानं तुटतं.

खालच्या दोन ओळी आणि कडेच्या ओळी तारेनं बांधून घ्या. कौलाच्या खालच्या अंगाला तारेसाठी भोक असतं, तेवढ्यासाठीच ते ठेवलेलं असतं आणि कोणी वापरत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात आणि दापोली मंडणगडकडे घरांची कौलं उडाली ती आठवत असतील, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. वारा पाख्याच्या मध्यावर कमी आणि कडांवर, वळचणीवर जास्त उचलतो, पहिली ओळ उचलली गेली की मागच्या सगळ्या सुटतात. जी.आय. तारेचं एक बंडल, किती येतो खर्च त्याला.

नवीन कौलं आणायची तर एक अख्खं जुनं कौल पिशवीत घालून बरोबर न्या. मंगलोरी म्हटलं तरी प्रत्येक कारखान्याचं माप थोडं थोडं वेगळं, वरचे खाचे एकमेकात बसत नाहीत, आणि जबरदस्तीनं बसवली की तिथेच गळतं. कौलाच्या पोटावर कारखान्याचा ठसा असतो तो बघा. बासल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यापासून कितीतरी कारखाने झाले आणि त्यातले बरेच बंदही पडले, त्यामुळे तुमचा ठसा नवीन मिळणं कठीण, पण पाडलेल्या घरांची कौलं विकणारे आहेत त्यांच्याकडे मिळू शकतो. नाहीच मिळाली तर असं करा, पुढच्या पडवीची किंवा गोठ्याची जुनी कौलं काढून मागच्या वळचणीला वापरा आणि नवीन सगळी एकत्र तिकडे लावा, एका पाख्यावर दोन मापं मिसळू नका. प्रत्येक कौल हातात धरून बोटाच्या पेरानं वाजवायचं, टणटण वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा आहे.

पन्हळ परत लावायची का? मी तर म्हणेन सगळीकडे नको. पन्हळ चांगलीच आहे पण ती दर पंधरा दिवसांनी साफ करणारं माणूस घरात हवं, आणि तुमच्या आईंनी या वयात ते करावं असं तुम्हाला वाटत नसणार. मागे झाडं आहेत, पाला पडणारच. अडीच फुटाची वळचण असेल आणि खाली मोकळी जागा असेल तर पाणी सरळ पडू द्या, फक्त जिथे पागोळ्या पडतात तिथे जांभ्याचे चिरे आडवे बसवून चर करा, उतार घराच्या बाहेर. मागच्या दारावर तेवढी पाचसहा फुटाची पन्हळ लावा, सहा इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून, दहा फुटाला एक इंच उतार, आणि तिच्या कड्या फळीला लावा, वाशाच्या तोंडात खिळा ठोकून नको.

भिंतीची ओल आता बघून लगेच गिलावा करायला जाऊ नका. वळचण नीट झाली की भिंत आपोआप वाळायला लागते, पण जाड जांभ्याच्या भिंतीला वेळ लागतो, एक अख्खा उन्हाळा मध्ये जाऊ द्या. आणि तेव्हाही सिमेंटचा नको, चुन्याचा करा. सिमेंटच्या गिलाव्यामागे ओल अडकून पोपडे फुगतात हे तुम्ही अनेक घरात बघितलं असेल. यंदाच्या पावसात पश्चिमेला झडीसाठी झापं (विणलेल्या झावळ्या) किंवा ताडपत्री बांधाल तर भिंतीला चिकटवून नको, हातभर अंतर सोडून.

पाकोळ्यांचं. काम उघडायच्या आधी दोन दिवस सकाळ संध्याकाळ बघा कुठल्या घरट्यात ये-जा चालू आहे, आत पिल्लांचा आवाज येतो का. रिकाम्या घरट्यांचा प्रश्न नाही. पिल्लं असतील तर तेवढे दोनतीन वासे शेवटी घ्या, काम दुसऱ्या टोकापासून सुरू करा, तोवर उडून जाऊ शकतील. एवढं जमतं, मजुरीही वाढत नाही, आणि पावसाळ्यात डास किडे खाणारं ते पाखरू घराला लागून असलेलं बरं. मधमाशांचं पोळं किंवा गांधीलमाशांचं घर निघालं तर धूर आग काही नको, वर सुकं लाकूड आहे, माहितगार माणूस बोलवा.

तुमच्या भावाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. वानरांचा त्रास खरा आहे, कौलं चाळायला (उतरवून, तपासून परत लावायला) माणसं मिळत नाहीत हेही खरं आहे, आणि दरवर्षी मुंबईहून येऊन हे सगळं बघणं सोपं नाही. पण पत्र्याखाली एप्रिल मे मध्ये आई दुपारी कुठे बसणार? पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शेजारचं माणूस बोललेलं ऐकू येत नाही, आणि दिवसाचे चोवीस तास त्या घरात राहणार आहेत त्या आई, तुम्ही दोघं नाही. म्हणून त्यांच्या मताला मी जास्त वजन देतो. वानरं ज्या बाजूला झाडावरून उडी मारतात ती फांदी आधी छाटा, खूप फरक पडतो. त्यातूनही पुढे कधी पैसे जमले तर वाशांवर आधी पत्रा, पत्र्यावर उभ्या पट्ट्या, त्यावर रिपा आणि मग कौलं असं करता येतं, कौल फुटलं तरी आत पाणी येत नाही आणि घर तापत नाही. मात्र त्या उभ्या पट्ट्या वगळायच्या नाहीत, नाहीतर आडव्या रिपांना पाला अडून पाणी साचतं आणि पत्रा सडतो. ते यंदा नको, यंदा वळचण.

वेळ कमी आहे हे लक्षात घ्या. आपण मृगाचा हिशेब धरतो, ७-८ जून, पण २०२५ ला मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला होता, आणि वळीव तर मे मध्ये कधीही येतो. तेव्हा या महिन्यात माळा बघून खुणा आणि लाकडाची सोय, एप्रिलमध्ये काम, आणि १० मेच्या आत शेवटचं कौल वर. सुताराला आधीच गाठा, मे मध्ये लग्नसराई आणि सगळ्यांची कामं एकदम निघतात. मजुरी वळचणीच्या रनिंग फुटावर ठरवा आणि त्यात कौलं उतरवणं, चढवणं, तार बांधणं सगळं आलं असं कागदावर लिहून घ्या. एका वेळी दहाबारा फुटच उघडायचं, ते बंद झाल्यावर पुढचे, आणि ताडपत्री पहिल्या दिवसापासून घरात आणून ठेवायची.

काम चालू असताना आईंना डोंबिवलीला नेऊ का असं तुम्ही शेवटी विचारलंय. त्यांना विचारा, पण मला वाटतं त्या येणार नाहीत आणि त्यांनी तिथे असावंच. कुठल्या वर्षी कुठे गळलं होतं, फळी कोणी बदलली, कुठला वासा आजोबांच्या वेळचा आणि कुठला नंतरचा, हे सुताराला त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. फक्त धूळ खूप उडते, तेव्हा त्यांचं अंथरूण पुढच्या ओटीच्या खोलीत हलवा, मागच्या बाजूला दिवसा जाऊ देऊ नका, आणि तुम्ही किंवा भाऊ, दोघांपैकी एकानं ते आठदहा दिवस रजा काढून तिथे राहा.